आईजवळ ठेव

कोणताही समाज सुसंस्कृत आहे की नाही, हे तो आपल्या वडीलधाऱ्यांना कुठे बसवतो यावरून ठरते. पुण्यात त्यांना सावलीत बसवतात.

महापालिकेच्या हद्दीत अलीकडेच आलेल्या एका गावात 'जल्लोषनगरी' नावाचे मनोरंजन उद्यान आहे. तिथे पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, विजेवर उसळणाऱ्या लाटा आहेत, माणसाला उलटे टांगून गरागरा फिरवणारे एक यंत्र आहे (त्यासाठी लोक रांग लावतात) आणि एक प्रचंड आकाशपाळणा आहे. परंतु या साऱ्या डोलाऱ्याचा खरा आधार म्हणजे आकाशपाळण्यासमोर कडुनिंबाखाली असलेला सिमेंटचा लांबलचक बाक. या बाकावर मी बरीच वर्षे सेवेत आहे. दर उन्हाळ्यात शनिवार पेठेतून मला इथे आणण्यात येते.

उद्यानात लॉकर आहेत, पण त्यांना भाडे पडते. घरात आई धडधाकट असताना वस्तू भाड्याच्या कपाटात ठेवणे पुणेकराच्या मनाला पटत नाही. म्हणून आईला, सासऱ्यांना, प्रसंगी शेजारच्या एकट्या राहणाऱ्या मावशींनाही प्रेमाने सहलीला नेण्याची पद्धत पडली. बारकाईने पाहिले तर लॉकरपेक्षा ज्येष्ठ नागरिक सर्व बाबतींत सरस आहे. लॉकरची किल्ली पाण्यात पडते. ज्येष्ठाला नुसते 'हलू नकोस' म्हटले की कुलूप लागते. लॉकर ओले टॉवेल वाळत घालत नाही. लॉकर नातवाच्या अंगठ्यातला काटा काढत नाही. लॉकरला किती वाजले विचारले तर सांगता येत नाही. (ज्येष्ठ न विचारताही सांगतो, एवढा एक दोष सोडून द्यावा.)

बाकावरच्या नेमणुकीसाठी गुडघे चालू नसले तरी चालतात, मांडी मात्र प्रशस्त लागते. माझ्या पाहणीप्रमाणे मध्यम मांडीवर चार बॅगा, चपलांची एक पिशवी आणि तीन चष्मे मावतात. किरकोळ प्रकृतीच्या माणसाला गळ्याचाही उपयोग करता येतो. बाक सोडता येत नसल्यामुळे अनुभवी मंडळी आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत. नवखे पितात आणि मग शेजाऱ्याला विचारतात, "अहो, जरा एवढं बघता का?"

त्यावर बाकाचे ठरलेले उत्तर आहे : "बघतो. पण जबाबदारी घेत नाही."

या उत्तराची मजा अशी, की आपली माणुसकी शाबूत राहते आणि समोरचा माणूस उठत नाही.

माझ्या डाव्या बाजूला कर्वेनगरच्या कुसुमताई बसत. शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. नकाशा म्हणजे वरून पाहिलेली जमीन, असे त्यांनी पिढ्यान्पिढ्या मुलांना सांगितले; स्वतः मात्र गच्चीच्या वर कधी गेल्या नव्हत्या. समोर आकाशपाळणा फिरत असे आणि कुसुमताईंची मान त्याच्याबरोबर वरखाली होत असे. डॉक्टरांनी सांगितलेला मानेचा व्यायाम त्यातच उरकतो, असे त्या म्हणत.

उजव्या बाजूला हिंदुराव. उद्यान उभे आहे ती जमीन त्यांची. पैसे चोख मिळाले, नातवंडांनी बंगला बांधला, बंगल्याएवढी गाडी घेतली आणि त्या गाडीतून हिंदुरावांना त्यांच्याच रानात आणून बॅगांवर बसवले. "पाळणा हाय ना, तितं माझी विहीर व्हती," ते सांगत. "आन् बसलायसा तो गोठा." हे कळल्यापासून मी बाकावर जरा अदबीने बसतो.

असे सर्व सुरळीत चालले असता यंदा लॉकरच्या भिंतीवर एक पाटी लागली : 'पुढील हंगामापासून लॉकर सर्वांसाठी मोफत.'

गिरणी बंद होणार म्हटल्यावर कामगारांची व्हावी तशी बाकाची अवस्था झाली. कुणाच्या तरी मांडीवरून एक बॅग घसरली आणि ती उचलायलाही कुणी वाकले नाही.

हिंदुराव म्हणाले, "म्हंजी पुढल्या साली आपल्याला आणत न्हाईत."

"छे, आणतील की," मी म्हणालो.

"कशाला?" कुसुमताईंनी विचारले.

या प्रश्नावर मी विचार केला. अजून करतो आहे.

एवढ्यात कुसुमताईंचा मुलगा श्रीनिवास आणि सून हेमा आणखी बॅगा घेऊन आले. मुलांनी आधीच अंगावरचे शर्ट आजीच्या खांद्यावर टाकले होते. हेमाने गळ्यातले मंगळसूत्र काढून शंकरपाळ्यांच्या डब्यात घातले, त्यावर श्रीनिवासने गाडीची किल्ली ठेवली आणि डबा निळ्या बॅगेत गेला.

"आईजवळ ठेव," श्रीनिवास म्हणाला. आई समोरच होती.

"श्रीनिवास, आज मला पाळण्यात बसायचंय," कुसुमताई म्हणाल्या.

"आई, तुझं बीपी!"

"तुमच्या गुडघ्यांना झेपायचं नाही हो, आई," हेमा म्हणाली.

"अगं, पाळण्यात बसायचंच असतं ना? इथेही बसलेलीच आहे की मी."

"पुढच्या वर्षी नक्की," श्रीनिवास म्हणाला. "आत्ता या बॅगा कोण बघणार?" आणि ती दोघे लाटांच्या दिशेने गेली.

कुसुमताईंनी पाटीकडे पाहिले. मग पाळण्याकडे. मग माझ्याकडे.

"अण्णा, जरा एवढं बघता का?"

माझ्या तोंडून सवयीने निघाले, "बघतो, पण..."

"द्या हिकडं," हिंदुराव मधेच म्हणाले. "माझ्याच रानात हाय मी. कोन न्हेतंय?"

बाकाच्या इतिहासात जबाबदारी घेणारा माणूस प्रथमच निघाला. त्याचे जे व्हायचे तेच झाले. कुसुमताईंच्या बॅगा गेल्या तशा माझ्याही गेल्या, कारण बाईमाणसाने एकटीने पाळण्यात बसणे बरे नव्हे. (मला बसायचे नव्हतेच.) मग पलीकडच्या निवृत्त स्टेशनमास्तरांना आठवले, की आपल्यालाही पाय मोकळे करायचे आहेत. त्यांच्या पलीकडच्या मावशींनाही तसेच आठवले. सबंध बाकाला आठवत गेले. थोड्याच वेळात हिंदुराव दिसेनासे झाले. बॅगांच्या डोंगरावर नुसती पांढरी टोपी उरली.

डोंगर बोलला, "आवो, मलाबी माझी विहीर बगायचीय वरनं."

तो प्रश्न कुसुमताईंनी सोडवला. पुण्यात सीटवर रुमाल टाकला की तिथे माणूस बसला असे धरतात आणि त्या रुमालाशी कुणी वाद घालत नाही. त्यांनी हिंदुरावांना बाहेर ओढले, त्यांची टोपी डोंगराच्या शिखरावर ठेवली, तिच्याखाली आपली शाल पांघरवली आणि शालीवर जवळचा चष्मा टेकवला. "वरून नकाशा बघायला लांबचा चष्मा पुरतो," म्हणून तो मात्र पर्समधून काढून डोळ्यांवर चढवला. मग आम्ही सर्वजण जाऊन रांगेत उभे राहिलो.

रांगेतून बाक स्वच्छ दिसत होता. प्रथम श्रीनिवास आला. त्याने डोंगरातून पाण्याची बाटली उपसली, "आई, इथेच थांब हं, एकच राइड," असे डोंगराला सांगितले आणि गेला. नंतर हेमा आली. "आई, ऊन लागत नाही ना?" तिने विचारले आणि थोडा वेळ थांबली. सासूबाईंनी पहिल्यांदाच उलट उत्तर दिले नव्हते. हेमा समाधानाने परतली. हिंदुरावांचे नातू येऊन डोंगराबरोबर सेल्फी काढून गेले. एका बाहेरगावच्या कुटुंबाने तर चपला काढून नमस्कारही केला. शालीमुळे गैरसमज झाला असावा.

आमचा नंबर लागला. पाळण्याच्या डब्यात एकीकडे हिंदुराव, समोर कुसुमताई आणि मी. पाळणा हलला आणि कुसुमताईंनी दोन्ही हातांनी दांडी धरली. हातांत काही नसल्यामुळे त्यांना दुसरे काय धरावे ते सुचत नव्हते.

अगदी वर गेल्यावर पाळणा थांबला आणि बराच वेळ तिथेच राहिला. कुसुमताई बाहेर बघत होत्या. हिंदुराव सरळ खाली, खांबाच्या बुंध्याकडे बघत होते. मी बॅगा बघत होतो.

त्यामुळे पुढचा प्रकार मला नीट दिसला. एक सिक्युरिटीवाला बाकापाशी आला. त्याने टोपी उचलली. टोपीखाली डोके नाही हे त्याच्या ध्यानात आले. (उद्यानात त्या दिवशी ही चौकशी करणारा तो एकटाच.) त्याने शिट्टी वाजवली, हातगाडी मागवली आणि शाल, चष्मा, निळी बॅग, झाडून सगळा डोंगर भरून नेला. आम्ही आभाळात. खाली बाक मोकळा. असा मोकळा मी तो कधी पाहिला नव्हता.

मग लाटांकडून कुटुंबे परतली. जी धावाधाव झाली ती पाहून एखाद्याला वाटावे, की माणूस हरवले. लाउडस्पीकरवरून निळ्या बॅगेचे वर्णन झाले, मग डब्याचे. मंगळसूत्राच्या वाट्यांवरील नक्षी हेमाने इतकी हुबेहूब सांगितली, की सोनाराने ऐकून तसेच घडवावे. सासूबाईंचे वर्णन कुणी विचारले नाही, म्हणून तिनेही दिले नाही. ऑफिसातल्या कारकुनाने श्रीनिवासला जे विचारले, ते नंतर त्या कारकुनानेच मला सांगितले.

"बॅगांजवळ कुणी नव्हतं का?"

"होतं ना. आई होती."

"मग त्या कुठायत?"

श्रीनिवासने जरा विचार केला. "बॅगांजवळच असणार," तो म्हणाला.

तेवढ्यात पाळणा उतरू लागला. तोवर कुसुमताईंचे डोळे बाहेरच होते. उतरता उतरता मात्र माझ्या आणि हिंदुरावांच्या मधे वाकून त्यांनी वर काय पाहिले ते सगळे सांगितले. हिंदुरावांनी टोपी नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला आणि "आरं तिच्या" एवढेच म्हणाले.

खाली श्रीनिवास धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई! अगं आई! बॅगा कुठायत?"

"ऑफिसच्या वायव्येला पत्र्याची शेड आहे, तिथे नेल्यात," कुसुमताई म्हणाल्या. "वरून दिसलं."

सगळे कुटुंब चार दिशांना पळाले. श्रीनिवासला भूगोल आईनेच शिकवला होता.

आता बॅगांचे सांगून टाकतो. सर्व मिळाल्या. मंगळसूत्र शंकरपाळ्यांतच होते, किल्ली त्याखाली होती, एक शंकरपाळे तेवढे कमी भरले. हे आधी सांगितले, कारण हातगाडी निघाल्यापासून, वाचकहो, आपला जीव त्या डब्यात अडकला होता हे माझ्या लक्षात आले आहे.

राहता राहिली गोष्ट कुसुमताईंची : एवढ्या वर्षांनी त्यांनी वरून काय पाहिले ती. कर्वेनगरला पोचेपर्यंत गाडीत त्यांना ते कुणी विचारले नाही.

आपणही ते विचारले नाही. तेव्हा ते सांगण्याची जबाबदारी मी घेत नाही.