आ आगीचा

"आठ दिवसांत एकेका पोट्ट्याचा स्वर कटंगीपर्यंत लांबवतो, पाहाच!"

पुनाराम गुरुजींनी पानठेल्यावर भर गर्दीत अशी गर्जना केली. कटंगीजवळच्या त्या गावात मराठी शाळा म्हणजे गवती छपराची एक खोली आणि गुरुजींचा राग. विदर्भ तिकडे महाराष्ट्रात गेला, गाव मध्यप्रदेशात राहिलं. पोरं अर्धी हिंदी, अर्धी मराठी बोलत आणि वाचताना दीर्घ स्वर मात्र चण्याफुटाण्यासारखे गिळून टाकत.

बाजाराच्या दिवशी गुरुजींनी 'आ' काढला. अंजना उभी राहून वाचू लागली, "अजा घरी आला."

"अजा म्हणजे बकरी! आज्याले बकरी केलं तू! आऽऽजा!"

पुढचा शब्द होता 'आग'.

"अग," सगळा वर्ग म्हणाला.

गुरुजींच्या कपाळाची शीर ताडकन उठली. "अगं म्हणून मी बायकोले हाक मारतो! तोंड उघडा विहिरीवानी! काहून, जेवून नाही आले का? बाजारात ऐकू गेलं पाहिजे!"

"आऽऽग!"

"अजून लांब!"

"आऽऽऽग! आऽऽऽऽग!"

बाजारात ऐकू गेलं.

भज्यांचा घाणा कढईत तसाच सोडून फकिरा धावला. मागे निम्मा बाजार! बादल्या, घागरी, एकाच्या हाती तर ताकाचं मडकं! लोक कौतुकाला आले, असं समजून गुरुजींनी हसत दार उघडलं आणि पहिली बादली त्यांच्या तोंडावर बसली.

"अरे, काय करून राह्यले?"

"सरका गुरुजी! पोट्टे बाहेर काढा! छप्पर ओढा रे, नाही तर गाव जाईल!"

"आग नाही रे! दीर्घ आ हाय!"

"कोन हाय?"

"दीर्घ आ!"

"त्याले बी बाहेर काढा!"

पोरं बाहेर पळाली आणि छप्पर धाडकन खाली आलं. वर निळंशार आभाळ दिसलं, पण धूर काही दिसेना. फकिरानं कंबरेवर हात ठेवले.

"आग कुठी हाय?"

"पुस्तकात," अंजना म्हणाली.

फकिरा लालबुंद झाला. "तिकडं माझ्या भज्यांचा कोळसा झाला असन, अन् आग पुस्तकात?"

गुरुजीही भिजलेल्या कोंबड्यासारखे फुगले. "ओरडता कोनावर? तुम्हाले ऐकू आलं ना? म्हंजे स्वर बराबर लांबला!"

हे बोलायला नको होतं. ताकाचं मडकं गुरुजींच्या डोक्यावर रिकामं झालं.

छप्पर घालायला कोणी फिरकलं नाही. गाव अजून तापलेलंच होतं. दुसऱ्या दिवशी उघड्या वर्गात गुरुजींनी 'ऊ' काढला. पोट्टे 'उन' म्हणणार याची त्यांना खात्रीच होती. छडी उगारून त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'ऊन'.

चैताचा सूर्य डोक्यावर. पोरांनी पाट्या टाळूवर धरलेल्या.

"ऊऽऽऽऽऽन!" सगळा वर्ग पहिल्याच फटक्यात कळवळून ओरडला. एकाचाही ऱ्हस्व नाही!

गुरुजींना रागवायला जागाच उरली नाही. छडी खाली ठेवून त्यांनी टोपी कपाळावर ओढली.

"हौ," ते बारीक आवाजात म्हणाले, "लयच हाय."