करवत आणि एक फुकटचा तास

एप्रिलच्या पहिल्या रविवारी सरकार हॅलीबर्न गावातल्या प्रत्येक माणसाला एक तास फुकट देतं. उन्हाळ्यासाठी पुढे ढकललेली घड्याळं, इकडे पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात उन्हाळा तेव्हा सरतो म्हणून, त्या पहाटे तासभर मागे येतात. लोक तो तास झोपून काढतात. दहा महिन्यांची मुलगी घरात असलेल्या बाईला तो कसाच काढता येत नाही, कारण लहान मुलांना सरकार मान्य नसतं. तरीही टॅमसिननं ठरवलं, की या वर्षी आपला तास वसूल करायचा. नुसता तास नाही, मागेपुढे चिकटलेला अख्खा दिवस. आणि तो घालवायचा करवतीवर.

करवत म्हणजे गावामागची डोंगरधार. तीन उघडीबोडकी शिखरं, वर झाड नाही, झुडूप नाही, आडोसा म्हणाल तर आपलीच पाठ. एका दिवसात तिन्ही करून उजेडी खाली उतरणं जमतं, पण ते शहाण्यासुरत्या माणसाचं लक्षण समजत नाहीत.

ठिणगी पडली ती बाळवाल्या आयांच्या बुधवारच्या कॉफीला. ब्रायोनीनं आपल्या मुलाचा शेंबूड पुसता पुसता सहज विचारलं, "तू डोंगर चढायचीस ना गं?"

चढायचीस. चढतेस नाही. शाळेत व्याकरण कधी झोंबलं नव्हतं ते आज झोंबलं. टॅमसिन म्हणाली, "या रविवारी करवत करतेय." आठ जणींनी कप खाली ठेवले. आपण काय बोलून बसलो हे टॅमसिनलाही तेव्हाच कळलं, पण आता माघार घेतली असती तर उरलेलं सगळं आयुष्य 'चढायचीस'मध्येच काढावं लागलं असतं.

नवऱ्याला, रॉसला, हे कळलं तेव्हा त्यानं आधी बायकोकडे बघितलं, मग खिडकीतून डोंगराकडे, आणि पुढच्या वर्षी आपण दोघं मिळून जाऊ असं सुचवलं. (गळकं छप्परही तो पुढच्या वर्षीच करणार होता.) तो स्वतः त्या शनिवारी वरच्या कुरणातल्या मेंढ्या खाली आणायला तीन दिवसांसाठी चालला होता. म्हणजे डोंगर त्यालाही चालत होता, फक्त बायकोसाठी उंच होता. टॅमसिननं तसं बोलून दाखवलं.

जाणार म्हणजे जाणारच होती ती. पण ताठ मान आणि धडधडतं काळीज एकाच बाईला असू शकतं. तिनं बेत लिहून काढला, तो नऊ पानं झाला. वारा ताशी साठ किलोमीटरच्या वर गेला तर परत. दुसऱ्या शिखरावर ढग टेकला तर परत. साडेबारापर्यंत तिसरं शिखर आलं नाही तर परत. डाव्या टाचेला फोड आला तर मलम, दोन्ही टाचांना आला तर परत. रॉसनं निघण्याआधी नऊही पानं वाचली आणि पुढे जायची अट कुठल्या पानावर आहे ते विचारलं.

डोंगरात जाणाऱ्यानं एका भरवशाच्या माणसाकडे बोंब मारायची वेळ ठेवून जायची, ही गावची रीत. या वेळेला परत आलो नाही तर बोंब मारा, शोधपथक बोलवा. हे काम रॉसकडे दिलं असतं तर त्यानं मंगळवारपर्यंत वाट पाहिली असती. म्हणून ते आलं सासूबाईंकडे. नोलीन ड्रमंड छत्तीस वर्षं गावच्या शाळेत शिक्षिका होत्या. अर्ध्या गावाला घड्याळ त्यांनीच शिकवलेलं. बाळाला, पिपाला, सांभाळायला त्या शनिवारीच मुक्कामाला आल्या.

"सहा म्हणजे सहा?" त्यांनी विचारलं.

"सहा म्हणजे सहा."

"आणि सहा वाजून एक मिनिट झालं तर?"

"तर बोंब."

नोलीननी विचार केला. "दहा मिनिटं सूट देते तुला, पोरी. घरचीच आहेस."

आता राहिली घड्याळं. ती टॅमसिननं स्वतः लावली. (रॉसला घड्याळाला हात लावायची बंदी होती. मागच्या वर्षी त्यानं गोंधळ घातला होता.) कडेवर पिपा, पिपाच्या मुठीत भोपळ्याच्या लगद्याचा चमचा, चमच्यातला लगदा टॅमसिनच्या कानात, अशा अवस्थेत तिनं भिंतीवरचं घड्याळ आणि ओव्हनचं घड्याळ अत्यंत काळजीपूर्वक एक तास पुढे केलं. पुढे. दहा महिने सलग झोप न झालेल्या माणसाला पुढे आणि मागे यांतला फरक दिसतो, पण दुरून. नोलीननी आपलं मनगटी घड्याळ त्याच्याबरोबर लावलं. त्यांचा मोबाईल अडचणीच्या वेळेसाठी होता, म्हणून त्यांच्या घरी कपाटात, बंद.

टॅमसिन स्वतःच्या फोनच्या गजरावर उठून पाचला निघाली तेव्हा स्वयंपाकघरात सात वाजले होते. अंधारात तिनं काही तिकडे बघितलं नाही.

पहिलं शिखर आलं तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. टॅमसिन बेताचे कागद मांडीवर घेऊन सँडविच सोडायला लागली आणि एक किया आला. डोंगरातले हे हिरवे पोपट माणसांचं खातात, बुटांच्या नाड्या खातात, गाड्यांची रबरं खातात. या महाशयांनी सँडविचकडे ढुंकूनही न बघता तीन ते सात ही पानं चोचीत धरली आणि दरीवर झेप घेतली. उरलेली चार पानं तिनं चाळली. 'परत'ची सगळी कलमं गेली होती. राहिलं होतं ते मोज्यांचं आणि बिस्किटांचं.

टॅमसिनला वाटलं आपण घाबरू. वाट पाहिली. आलीच नाही भीती. उलट बरेच महिने कोणी तरी मानेवर बसलेलं उठून गेल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या शिखराकडे जाताना धार इतकी निरुंद होते, की एक पाय या खोऱ्यात आणि एक त्या. वारा ताशी किती होता ते तिनं मोजलं नाही. काही ठिकाणी ती चालली, काही ठिकाणी घोड्यावर बसल्यासारखी बसून सरकली. (बसून सरकणं हेही चढणंच, असं तिनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.) तिसरं शिखर आलं दीड वाजता. वर उभी राहून ती मोठ्यानं म्हणाली, "चढतेय." ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून पुन्हा म्हणाली.

इकडे घरात नोलीननी टॅमसिनच्या तक्त्याबरहुकूम बाराला पिपापुढे जेवण ठेवलं. पिपानं ते भिंतीला दिलं. झोपेच्या वेळी ती टाळ्या वाजवत होती. आज हे मूल प्रत्येक गोष्टीला तासभर उशीर करतंय, असं नोलीननी वहीत टिपून ठेवलं. घरात तेवढं एकच घड्याळ कोणी बिघडवलं नव्हतं आणि त्याचं कोणी ऐकत नव्हतं.

आणि मग सहा वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे जगात चार वाजून दहा मिनिटांनी, नोलीननी घरचा फोन उचलला आणि शोधपथकाचा प्रमुख मर्व याला सांगितलं, की सून करवतीवर गेली आहे आणि ठरलेल्या वेळेवर दहा मिनिटं झाली आहेत. ठरलेली वेळ कोणती, हे मर्वला विचारता आलं असतं. पण ज्या बाईंनी आपल्याला दुसरीत उभं करून घड्याळ शिकवलं, त्यांना वेळ कशी विचारायची? त्यानं माणसं गोळा केली.

पाच वाजता टॅमसिन जंगल सुरू होतं तिथवर उतरली होती. गाडी अर्ध्या तासावर. पण मुलीच्या दुधाची वेळ झाली की आईच्या अंगाला कळतं, मग आई बँकेत असो की डोंगरात. छाती दगडासारखी झाली होती. एका मोठ्या धोंड्यामागे बसून, शर्ट सोडून, ती हातानं दूध काढून टाकत होती. इतक्यात खालून कोणी तरी तिच्या नावानं हाक मारली.

तिच्या मनात एकच नाव आलं. पिपा. दुसरं काही सुचेचना. चुकीच्या भोकात चुकीचं बटण घालत ती बाहेर धावली. समोर नारिंगी कपड्यांतली सहा माणसं आणि एक स्ट्रेचर.

"पिपाला काय झालं?"

"पिपा मजेत आहे," मर्व धापा टाकत म्हणाला. "हरवलीयस तू."

"मी? मी तर ही इथे आहे."

"ते आता. मगाशी नव्हतीस."

तिनं फोन दाखवला. पाच वाजून सात मिनिटं. मर्वनं आपल्या मनगटाकडे बघितलं, तिथेही तेच. मग त्यानं वायरलेसवर खालच्या माणसाला सांगितलं, की ड्रमंड बाईंना फोन कर आणि जपून, अगदी नम्रपणे, किती वाजले ते विचार. सगळे थांबले. उत्तर आलं, सात वाजून आठ. आणि बाई विचारतायत, उत्तर माहीत असताना कोण विचारतंय म्हणून.

"घड्याळं लावली कोणी?" मर्वनं टॅमसिनला विचारलं.

टॅमसिननं डोंगराकडे बघितलं. डोंगरानं तिची बाजू घेतली नाही.

स्ट्रेचर एवढं खपून वर आणलंय, तेव्हा तिनं त्यात पडायला हरकत नसावी, असं एकानं सुचवलं. ती म्हणाली, "मी तीन शिखरं पायांनी केलीत. खाली झोपून जाणार नाही." आणि पुढे चालू लागली. तिला गाठायच्या घाईत ओल्या मुळावरून मर्वचा पाय सरकला आणि घोटा मुरगळला. उरलेले पाच. स्ट्रेचरला सहा लागतात. तेव्हा पुढच्या डाव्या कोपऱ्याला खांदा टॅमसिननं दिला. ती गाडीतळावर पोचली तेव्हा सहाला पाच मिनिटं होती आणि वाचवणारा तिच्या खांद्यावर होता.

तिथे मर्वनं पडल्या पडल्या कागद काढला. त्यावर दोनच चौकोन: सापडली, सापडली नाही.

"सापडली," मर्व म्हणाला.

"मी हरवलेच नव्हते. मग सापडेन कशी?"

"टॅमसिन, तिसरा चौकोन नाहीये."

"मग दुसऱ्यावर खूण कर."

त्याचा घोटा टम्म सुजला होता, वाद घालायचं त्राण नव्हतं. त्यानं दुसऱ्यावर खूण केली. टॅमसिन सही करून ताठ मानेनं घरी गेली. वाटेत ब्रायोनीच्या घराजवळ तिनं गाडी जरा हळूच चालवली.

सोमवारी सकाळी पिपाला भरवत असताना फोन वाजला. जिल्ह्याच्या कचेरीतून एक तरुण, फार हळव्या आवाजात, रॉस ड्रमंडना विचारत होता. ते मेंढ्यांकडे गेलेत म्हटल्यावर आवाज आणखी हळवा झाला. त्यांच्या पत्नी अजून सापडलेल्या नाहीत. नऊला पुन्हा शोध सुरू होईल, हेलिकॉप्टर मागवलंय. घरच्यांनी धीर सोडू नये. त्यांचं थोडं वर्णन मिळेल का?

टॅमसिननं डोळे मिटले. तीन शिखरं, वारा, किया, स्ट्रेचर, सगळं एकदा डोळ्यांपुढून गेलं. मग तिनं हेलिकॉप्टरचा विचार केला.

"लिहा," ती म्हणाली. "सापडली."

"देवाची कृपा. कुठे?"

"स्वयंपाकघरात."

पलीकडे लिहिल्याचा आवाज आला. "कोणाला सापडल्या?"

स्वतःचं नाव सांगावं तर हरवलेली आणि शोधणारी एकच, म्हणजे हा कागद फिरून पुन्हा घरी येणार. समोर नोलीन चहात बिस्कीट बुडवत होत्या. टॅमसिननं त्यांचं नाव सांगून टाकलं.

गुरुवारच्या साप्ताहिकात चार ओळी आल्या. करवतीवर हरवलेल्या तरुण आईला सासूबाईंनी एकटीनं शोधून काढलं, वय बहात्तर. शोधपथकानं नोलीननी पुढच्या महिन्यात नव्या मंडळींना मार्गदर्शन करावं अशी विनंती केली आहे. नोलीननी कात्री मागितली, बातमी कापली आणि फ्रिजवर लावली.

"मी कुठे शोधलं तुला?" त्यांनी विचारलं.

"ओट्यापाशी."

"तिथेच बघितलं असणार मी आधी," नोलीन म्हणाल्या.