गटाराला पाणी पाहिजे

खडकेवाडीचा सरपंच इंद्रजित सकाळपासून घायकुतीला आला होता, कारण गावात सांडपाणी मिळेना.

सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प मात्र गावात होता. सिमेंटचा ऐसपैस हौद, त्यात खडी, वाळू, कोळसा, पलीकडच्या अंगाला तोटी आणि वर इंद्रजितचा हात जोडलेला फोटो. उद्घाटनाला जिलबी झाली होती. फक्त हौदात आजवर थेंब उतरला नव्हता. उतरणार कुठून? आटपाडीकडचं कोरडं गाव, टँकर येणार चार दिवसांतून एकदा. आंघोळीचं पाणी लिंबाच्या आळ्यात, खरकटं म्हशीपुढं, आणि त्यातूनही चुकार पाणी गटारात उतरलंच तर ते तात्याबाच्या हत्तीघासाला. प्रकल्प मंजूर करणाऱ्यांनी हे कुणाला विचारलं नाही आणि गावानंही आपणहून सांगितलं नाही. फुकटचा हौद कोण नको म्हणेल?

आता सांगलीहून तपासणीचे साहेब निघाले होते. हौद कोरडा सापडला की चौकशी, आणि चौकशी लागली की खुर्ची गेली. इंद्रजितनं तात्याबाचं घर गाठलं.

"तात्याबा, आजच्या दिस गटार हौदाकडं सोडा की."

"आज? आज मंगळवार. माझी पाळी हाय."

"आवं, गटाराला कसली पाळी?"

"मंगळवार माझा, शुक्रवार नानासोचा. कॅनॉलवानीच ठरलंय. मागं ह्याच्यावरनंच डोकी फुटली, इसरलास व्हय?"

"निदान दोन घागरी तरी..."

"घासाला इचार. त्यो देतुय का बघ."

इंद्रजित हात हलवत परतला, तोच टँकर आला. चौकात बायकांच्या घागरी ओळीनं लागल्या होत्या. सरपंच दोन्ही हात पसरून टँकरला आडवा झाला. "हिकडं न्हाई, हौदाकडं घे!"

ओळीत पहिली होती धोंडुबाई, इंद्रजितची सख्खी चुलती. तिनं पदर खोचला. "आरं ए मुडद्या! प्यायचं पानी गटाराच्या हौदात वततुयास?"

"काकी, गटाराचा थेंब तरी शिवलाय का त्याला? नवाकोरा हौद हाय. हिकडनं वतायचं, तिकडनं तोटीला भरून घ्यायचं. वर वाळूतनं गाळून मिळंल, आनि काय पायजे?"

शिव्या घालत का होईना, बायका तोटीकडं गेल्या. टँकर रिकामा होऊन मागच्या वाटेनं पसार झाला आणि पुढच्या वाटेनं साहेबांची गाडी आली.

साहेब उतरले आणि जागीच थबकले. तोटीला काचेसारखं पाणी, समोर घागरींची रांग. त्यांनी बाटली भरून उन्हात धरली, त्यात कसलेसे थेंब टाकले, हलवली, पुन्हा उन्हात धरली.

"मावशी, हे पाणी पिता तुम्ही?"

"आवं तर! ह्येच पितो. दुसरं हाय कुटं?" धोंडुबाईनं एक ओंजळ घटाघटा पिऊन दाखवली. बाई अक्षरही खोटं बोलली नव्हती.

साहेबांनी इंद्रजितचा हात हातात घेतला. "सरपंच, जिल्ह्यात असं काम पाहिलं नाही. पहिला नंबर तुमचाच!" इंद्रजितची छाती शर्टाच्या गुंड्यांना ऐकेना. साहेबांनी तिथंच मोबाइल काढला. "हॅलो, खडकेवाडीचा टँकर आजपासून बंद करा. हो, कायमचा. यांना गरजच नाही. दुसऱ्या गावाला द्या तो."

इंद्रजितचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. मागून धोंडुबाईनं त्याच्या बरगडीत कोपर घातलं. "बोल की रं!"

खुर्ची की पाणी? बायकांची रांग बघून सरपंचाला नाइलाजानं अक्कल आली.

"साहेब, खरं सांगतो, पाया पडतो. ह्ये पानी टँकरचंच हाय."

साहेब पोट धरून हसले. "अहो, टँकरचं पाणी मीच तपासतो! ते असं असतं होय? त्यात काय काय पोहतं ते मला विचारा." त्यांनी सरपंचाची पाठ थोपटली. "माणसानं इतकंही नम्र असू नये." गाडी धुरळा उडवत निघून गेली.

हौदात गुडघाभर पाणी उरलं होतं. रांगेत एकाएकी रेटारेटी सुरू झाली. इंद्रजित खाली मान घालून घरी गेला, दोन घागरी घेऊन आला आणि काकीच्या शेजारी हळूच घुसायला लागला.

"मागं हो, मागं!" धोंडुबाई कडाडली. "उरलं तर मिळंल."