मांडव पुढं आना

उंद्रीच्या आसपासचं एक गाव आहे. नाव सांगत नाही, त्याला कारण आहे. तिथं वरात चुकून मांडवाच्या पुढे गेली, तर घोडी मागे घेत नाहीत. सगळ्या वऱ्हाडाला गावाला वळसा घालावा लागतो. घोडीवाले देविदासभाऊ म्हणतात, "माही शेवंता मांगं सरत नाही. मांडव पुढं आना."

चालता चालता शेवंताचा मागचा पाय झटक्यानं पोटाशी जातो आणि क्षणभर तिथंच राहतो. लगेच देविदासभाऊंचाही पाय वर. पोरं शिट्ट्या मारतात. नाचणारी घोडी म्हणून लग्नाची तारीख तिला विचारून धरतात.

मी जनावरांचा व्यापारी. बापानं मागे दावंसुद्धा ठेवलं नव्हतं. आहे ते बाजारात घासाघीस करून उभं केलं. शेवंता मी कितीदा विकत मागितली; माझ्यापुढे नकारावर टिकलेला माणूस म्हणजे देविदासभाऊ एकटेच. शेवटी मी म्हणालो, भाव तुम्हीच सांगा. असं मी सख्ख्या भावालाही कधी म्हणालो नाही.

"इकाची नाही."

"काऊन? सोन्याची हाये का?"

"तुम्हाले नाचता येते का, शेठ?"

तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

परवा सकाळी माझा गोऱ्हा सुटून त्यांच्या गोठ्याकडे पळाला, म्हणून मागोमाग गेलो. गोठा अरुंद. शेवंताला मागे सरकवूनच बाहेर काढावं लागतं. सरकताना तिचा पाय थरथरत वर गेला, शेपूट लटलट कापू लागलं. पाय काही खाली येईना. ना बँड, ना वऱ्हाड. तरी देविदासभाऊ तिच्या मानेवर हात ठेवून एका पायावर उभे होते.

मला पाहूनही त्यांनी पाय टेकवला नाही.

"नसंचा आजार हाये तिले. डॉक्टर म्हने, बरा नाही होत. लोकायले समजलं तं कोन नवरदेव बसन तिच्यावर?" मग हळूच म्हणाले, "पह्यले पोट्टे हासत होते. एकटीनं उचलला तं लंगडी दिसते, शेठ. दोघायनं उचलला तं नाच होते."

ही घोडी ते वाटेल त्या भावात माझ्या गळ्यात बांधू शकले असते. मी हसत घेतली असती.

म्हातारा डुगडुगू लागला, तसा मी त्यांचा खांदा धरला. शेवंताचा पाय खाली आला, मग त्यांचा.

राग अजून आहे. पण बाजारात कुणी विचारलंच, तर मी सांगतो, "अस्सल नाचनारी हाये. अन् इकाऊ नाही. मलेच नाही भेटली, तं तुले काय भेटते बे?"