व्याह्यांच्या जीपची सीट

"माझे डोळे बांधा आणि कुठल्याही गाडीत बसवा! सीट कशाची, आत काय भरलंय, शिवण हाताची की मशीनची, सगळा सांगतो! चुकलो तर मिशी उतरवीन!"

पितों गावच्या देवळात, बसच्या थांब्यावर, लग्नात आणि कधीकधी मयतालासुद्धा चंद्रमोहन हे ऐकवायचा. बेटाच्या राजधानीत, पोर्ट लुईला, एका बस कंपनीच्या कारखान्यात त्याची सारी नोकरी भांडारात गेली होती. रेक्झिनचे गठ्ठे, चामडं, काथ्या, स्प्रिंगा, सगळं त्याच्या हातून आत-बाहेर व्हायचं. आता त्यानं स्वतः एकही सीट कधी शिवली नव्हती, ही गोष्ट वेगळी! बसमध्ये चढला की हा आधी सीट चिमटीत धरून ओढायचा, मग नखानं ओरखडायचा, मग खाली वाकून हुंगायचा. शेजारची बाई घाबरून उठली की म्हणायचा, "बघा, तिलाही कळला! माल हलका आहे!"

तर साल होतं एक्क्याऐंशी आणि गणेश चतुर्थी तोंडावर आलेली. आदल्या वर्षी विसर्जनाला नेताना बाप्पांची लॉरी उसातल्या वाटेवर रुतली होती. ऊसतोडीच्या गाड्यांनी त्या वाटेची चाळण करून टाकलेली! बाप्पा बराच वेळ उसात तिरके उभे, आणि पितोंचे सगळे मराठी गुडघाभर चिखलात. म्हणून यंदा मंडळाचे अध्यक्ष सत्यदेव यांनी ठरवलं, की बाप्पा चारही चाकं ओढणाऱ्या जीपमधूनच समुद्रावर जाणार. आता अशी जीप होती शेजारच्या पेती राफ्रे गावच्या बलरामकडे. साखरेच्या कोठीवरच्या, म्हणजे साखर कारखान्याच्या, गोऱ्या मॅनेजरची जुनी जीप त्यानं लिलावात घेतली होती आणि तेव्हापासून तो जमिनीवर कमी आणि जीपमध्ये जास्त असायचा.

आणि हा बलराम चंद्रमोहनचा होणारा व्याही होता! चंद्रमोहनची कामिनी आणि बलरामचा इंद्रदेव, दोघांचं सगळं बोलून झालं होतं. साखरपुडा पुढच्या रविवारी. पण बलराम म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. थोरल्याच्या वेळी मुलीच्या बापानं त्याच्या रेडिओचा आवाज फाटका आहे म्हटलं, तेवढ्यावर त्यानं जुळलेलं लग्न मोडलं होतं! कामिनीला इंद्रदेव मनापासून आवडला होता, आणि विसर्जनाच्या दिवशी सकाळपासून तिच्या आईचा जीव टांगणीला लागला होता.

"आज तोंडाला कुलूप घाला," विद्यावती नवऱ्याला म्हणाली. "त्यांच्या जीपला नावं ठेवलीत तर पोरीचा लगीन गेला समजा!"

"मी काय खुळा आहे?" चंद्रमोहन मिशीला पीळ देत म्हणाला. "आज मी नुसती तारीफ करनार! अशी तारीफ, की व्याही पाघळला पायजे!"

विद्यावतीला हे ऐकून जास्तच भीती वाटली.

दुपारी जीप देवळासमोर आली. हिरवीगार, धुतलेली, पुसलेली. इंद्रदेव चालवत होता, शेजारी बलराम, मागे त्याची बायको कुंती पूजेचं ताट मांडीवर घेऊन. बलरामनं उतरल्यावर स्वतःच्या रुमालानं सीट पुसली. चौघांनी बाप्पांना उचललं, पुढच्या बाकासारख्या सलग सीटवर पाट, पाटावर लाल कापड, आणि त्यावर बाप्पा! ढोलकी सुरू झाली, टाळ सुरू झाले, झाकरी नाचणाऱ्यांनी फेर धरला.

एवढ्यात बलराम चंद्रमोहनच्या कानाशी लागला. "व्याही, तुम्ही जानकार. सीट बघा की जरा! मॅनेजर म्हनाला होता, व्रे क्वीर. अस्सल चामडा!"

चंद्रमोहन वाकला. अंगठा टेकवला. नखानं ओरखडलं. बाप्पांची क्षमा मागून पाटाच्या बाजूनं हुंगलंसुद्धा. सीटच्या कडेला बारीकशी चीर होती आणि चिरेतून पांढरं विणलेलं कापड डोकावत होतं. चामड्याच्या पोटात कापड कुठून येणार? रेक्झिन होतं ते, तेही हलक्यातलं! दाराचा पुठ्ठा पाणी पिऊन फुगलेला, डॅशबोर्डावर तेच रेक्झिन गोंदानं चिकटवलेलं, आणि पायाखालचं रबर तर सरळ जुन्या ट्यूबमधून कापलेलं. चंद्रमोहनच्या जिभेवर सगळं आलं होतं. मागे विद्यावती खोकली. तो खोकला सर्दीचा नव्हता.

चंद्रमोहन ताठ उभा राहिला, छाती फुगवली आणि ढोलकीच्या वर आवाज चढवून गरजला, "वा व्याही, वा! चामडा म्हनजे काय चामडा! अस्सल! आनि ऐरागैरा न्हाय, गाईचा! चांगल्या तरन्या, धष्टपुष्ट, विलायती गाईचा!"

ढोलकी थांबली.

टाळ थांबले. फेर धरलेले पाय जागच्या जागी थांबले. सत्यदेव अध्यक्षांचं तोंड 'मोरया'मधल्या 'मो'वर उघडं राहिलं ते तसंच. सगळं गाव आधी चंद्रमोहनकडे, मग सीटकडे, मग सीटवरच्या बाप्पांकडे बघू लागलं.

"कुनाचा?" देवळातल्या सगळ्यात कडक बाई, इंद्राणीमावशी, पुढे आल्या. "कुनाचा चामडा म्हनालास?"

आपण काय बोलून गेलो हे चंद्रमोहनला तेव्हा कळलं!

"आयो!" कुंती किंचाळली. "महिनाभर मी ह्याच्यावर पूजेचा ताट ठेवून देवळात जाते!"

"मो बोंज्ये! देवा रे!" बलरामनं कपाळावर हात मारला. "मी सगळा श्रावन उपास केला, आनि बसलो कशावर?" त्यानं 'चामडं, चामडं' म्हणून गावभर मिरवलं होतं, पण चामड्याच्या आधी तिथे कुणी जनावर होतं, हा विचार त्याला आजवर शिवला नव्हता.

"उतरवा! आधी बाप्पाला उतरवा!" इंद्राणीमावशी ओरडल्या.

सत्यदेव आणि तिघे धावले. बाप्पा पाटासकट उचलले गेले. पण ठेवणार कुठे? खाली चिखल, आणि विसर्जनाला निघालेले बाप्पा माघारी देवळात न्यायचे नसतात! चौघे तसेच पाट हातांवर तोलून उभे राहिले आणि मूर्ती चांगलीच वजनदार होती.

"गाईचा नसेल!" चंद्रमोहन घाईघाईनं म्हणाला. "म्हशीचा असेल!"

"आत्ता गाईचा म्हनालास!"

"मग बकरीचा! बकरीचाच! लहान शिंगांची, गरीब बकरी!"

"एवढी मोठी सीट, एका गरीब बकरीची?" मावशींनी विचारलं.

"लवकर काय ते ठरवा!" पाटाखालून सत्यदेवांचा आवाज आला. "माझे हात चालले!"

मग चंद्रमोहनचा धीर सुटला. "रेक्झिन आहे हो!" तो ओरडला. "साधा रेक्झिन! कापडावर लावलेला! त्याच्यात गाय न्हाय, बकरी न्हाय, मुंगीसुद्धा न्हाय! बाप्पाची शप्पत!"

गावानं सुटकेचा श्वास टाकला. पण बलराम हळूहळू चंद्रमोहनकडे वळला. त्याचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला होता.

"रेक्झिन? म्हनजे मॅनेजरनं मला फसवला?"

"तसा न्हाय व्याही..."

"आनि तुम्हाला ठाऊक होता? तोंडावर वा वा केलात आनि मनात हसलात?"

कामिनी बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिनं ओठ दाताखाली धरला. विद्यावतीनं डोळे मिटून घेतले. लग्न मोडताना बघण्यापेक्षा न बघितलेलं बरं!

"एकदा गाय म्हनतो, एकदा बकरी, एकदा रेक्झिन," इंद्राणीमावशी म्हणाल्या. "आता ह्याच्या शपतेवर कोन भरवसा ठेवील? काय पुरावा?"

पुरावा! तो शब्द ऐकताच चंद्रमोहनमधला जाणकार जागा झाला. इथंच तो थांबला असता तर! पण नाही. "काडेपेटी आना!" तो म्हणाला. "चामडा जळला तर केसांचा वास येतो. रेक्झिन जळला तर वितळतो आनि प्लास्टिकचा वास. जगात सगळीकडे हीच परीक्षा!"

बलरामनं आपल्या हातानं आरतीची काडेपेटी पुढे केली, आणि हे त्याच्या ओरडण्यापेक्षा जास्त भयंकर होतं. चंद्रमोहननं सीटच्या चिरेपाशी काडी धरली. सगळं गाव नाकं पुढे करून उभं. रेक्झिन आक्रसलं, काळं पडलं, त्याचे थेंब गळले आणि प्लास्टिकचा उग्र वास सुटला!

"रेक्झिन!" गाव आनंदानं ओरडलं. "गनपती बाप्पा मोरया!" टाळ वाजले. सत्यदेवांनी पाट जीपकडे वळवला. चंद्रमोहननं विजयानं सगळीकडे पाहिलं.

आणि मग दुसरा वास आला. इंद्राणीमावशींनी नाकाला पदर लावला. "केस जळल्याचा वास आहे ह्यो!"

चिरेतून आत ठिणगी गेली होती आणि सीटच्या पोटातून धूर निघत होता.

"त्याचा काय आहे," चंद्रमोहन म्हणाला, कारण कुणी विचारलं नाही तरी माहिती देणं हा त्याचा स्वभाव, "जुन्या सीटांत घोड्याचे केस भरतात. स्वस्तातली असेल तर डुकराचेसुद्धा..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. पाट गर्रकन परत फिरला. कुंतीनं हातातलं पूजेचं ताट असं सोडलं की जणू तेच पेटलं होतं. "आग! आग लागली!" म्हणून कुणी ओरडलं, कुणी कलशातलं पाणी ओतलं, कुणी प्रसादाचा नारळ फोडून त्याचं पाणी ओतलं, इंद्रदेवनं शेवटी सीटच उपटून चिखलात फेकली. ती तिथं सुस्कारे टाकत विझली. जीपमध्ये पुढे आता नुसता लोखंडी सांगाडा होता.

बाप्पा शेवटी माणसांच्या खांद्यावरूनच समुद्रावर गेले. चिखलातून, रुतत, घसरत, पण एकदासुद्धा तिरके न होता. मागून इंद्रदेव जीप आणत होता, तेलाच्या उलट्या डब्यावर बसून. बलराम सगळी वाट मान खाली घालून चालला. चंद्रमोहन त्याच्या मागे चालला आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीच बोलला नाही. पोरीचं लग्न आपण आपल्या तोंडानं जाळलं, हे त्याला पावलागणिक बोचत होतं.

विसर्जन झालं. ओल्या वाळूत दोन्ही घरं समोरासमोर उभी राहिली. बलरामनं घसा साफ केला.

"सीटचा जाऊ दे," तो म्हणाला. "फसलो मीच. पन एक विचारतो. तुम्ही म्हनाला होतात, आमची कामिनी पुरनाची पोळी अशी करते, की खानारा बोटा चावील. तो खरा, की ती बी विलायती गाय?"

चंद्रमोहननं तोंड उघडलं. विद्यावती खोकली. त्यानं तोंड मिटलं.

"पोळी?" कामिनीच पुढे झाली. "मला भातसुद्धा धड येत न्हाय, काका. लागतो खाली. बाबा उगाच बोलले. मला इंद्रदेवशी लगीन करायचा आहे, म्हनून मीही तेव्हा गप बसले. आता काय ते तुम्ही ठरवा."

बलराम कुंतीकडे बघू लागला, कुंती बलरामकडे. आणि मग कुंती हसली. पोट धरून हसली! तिनं कामिनीचा हात धरला.

"साखरपुडा रविवारीच!" ती म्हणाली. "भात मी शिकवीन. व्याही, तुमच्या घरात खरा बोलनारा एकच मानूस आहे. तेवढा आम्ही घेऊन जातो."

सगळे खदखदून हसले. सगळ्यात मोठ्यानं चंद्रमोहन हसला. व्याह्यांनी आपल्याला माफ केलं, वर आपल्या घराण्याची तारीफही केली, म्हणून तो घरी पोचेपर्यंत हसत होता. मग विद्यावतीनं त्याला ते वाक्य समजावून सांगितलं.