गच्चीवरचा आकडा

आमचे शेजारी बिराजदार सर रोज सकाळी गच्चीवर उभे राहून एक आकडा ओरडतात. एकदाच. मग कानामागे हात धरून थोडा वेळ थांबतात आणि खाली जातात.

लातूरमधल्या आमच्या गल्लीत त्या आकड्यावर लोक मटका लावतात. बुडाले की भांडायला माझ्याकडे येतात, कारण सरांशी भांडायची कोणाची हिंमत नाही. माझीही नाही. मला नववीत गणितात नापास करणारे हेच सर. शाळा सुटली, बैलांच्या व्यापारात पडलो, कमावलं, आणि सरांच्या घराहून एक मजला उंच घर बांधलं, मुद्दाम शेजारीच. सर वर बघून एवढंच म्हणाले, "जिना तिरपा झालाय."

शेवटी एका सकाळी माझं डोकं फिरलं. "सर, लई झालं! काय विकून राहिलात तुम्ही?"

"किल्ली बनवून राहिलोय, शेषेराव. सगळ्यांसमोर ओरडून दोघांचं गुपित ठरवायचं. तुझा मोबाइल दिवसभर हेच करतो. बस खाली."

बसलो.

"दोन आणि अकरा सगळ्या गल्लीला माहीत. तू मनात एक आकडा धर, कोणाला सांगू नको. तितक्या वेळा दोन मांडून गुण, अकराने भाग, बाकी ओरडून सांग. मीही माझी बाकी ओरडणार. मग समोरच्याची बाकी आपल्या मनातल्या आकड्याइतक्या वेळा मांडायची, गुणायची, पुन्हा अकराने भागायचं. दोघांकडे एकच आकडा निघतो. ऐकणाऱ्याला पत्ता नाही."

"का पत्ता नाही?"

"पुढे जाणं सोपं, बाकीवरून मागे येणं अवघड. आपला अकरा लहान, कोणीही मागे येईल. खरे आकडे शेकडो अंकी असतात."

नववीतला घाम फुटला. पण व्यवहारातली फट मला दिसते. कंधारच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. एका दलालाने माझी बोटं एका भावाला दाबली, गिऱ्हाइकाची दुसऱ्याच. आठवलं की अजून डोकं तापतं. मी म्हणालो, "मधे तिसराच बसला, मला म्हणाला मी सर, तुम्हाला म्हणाला मी शेषेराव, तर?"

सर उभेच राहिले. "हाव! तिथे नुसतं गणित हरतं. समोरचा तोच आहे, ही ओळख आधी पटावी लागते." मग हळू म्हणाले, "आम्हाला आवाज पुरायचा."

सरांचं नवीन लग्न तेव्हा, घर माणसांनी भरलेलं. सर माडीवरून ओरडायचे, बायको सुमनबाई चुलीजवळून. सासूला वाटायचं, पाढे चाललेत. जो आकडा निघेल तितके वाजले की दोघं वेगवेगळ्या दारांनी निघून बसस्टँडवर चहा प्यायचे. आकडा एक निघाला तर भर उन्हात. बाई मागच्या उन्हाळ्यात वारल्या.

"मग आता कशाला ओरडता?"

"माझा अर्धा हिशोब रोज तयार असतो," सर म्हणाले.

दुसऱ्या सकाळी गच्चीवरून आवाज आला, "सहा!" मी मनात तीन धरले होते. तीन वेळा दोन मांडून गुणले, आठ; अकराहून कमी, म्हणजे बाकीही आठच. ओरडलो, "आठ!"

तिकडून बारीक आवाज, "कोण ते?"

"शेषेराव! नववी ब, शेवटचा बाक!"

सहाला सहाने, पुन्हा सहाने गुणून अकराने भागायला मला दुपार झाली. तीनदा वेगळंच आलं, मग सात. हे असं का होतं ते मला अजून कळलेलं नाही, आणि बरोबर आलं की नाही हे विचारायचं कोणाला?

संध्याकाळी सात वाजता बाहेर आलो. सर इस्त्रीचा सदरा घालून फाटकाला कडी लावत होते.