हेंद्रेपाड्याच्या पिठाची वलंदेजी मोहीम

वाचणाऱ्या शहाण्या मंडळींनी आधी इतके ध्यानी धरावे की, पुढे लिहिले ते ऐकीव नव्हे. दोहों बाजूंची जबानी घेतली, जेथे फरक पडला तेथे तिसऱ्यास पुसले, आणि शाबीत जाहले तेवढेच येथे नमूद केले. तलवार या हकिकतीत एकही नाही. पीठ आहे. परंतु पिठापायी जे जाहले ते तलवारीच्या कामाहून हलके नव्हते.

बदलापुरी, पश्चिमेस, हेंद्रेपाडा म्हणोन वस्ती आहे. तेथे राजश्री दौलतराव, कारखान्याच्या चाकरीतून निवृत्त, आणि त्यांचे कुटुंब, घरच्या मुखत्यार, मातुश्री बनूबाईसाहेब नांदत असत. गावाकडे वडिलार्जित भाताचे खाचर, त्याचा तांदूळ वर्षभर पुरे. चिरंजीव जितेशराव संगणकाच्या कामी नेमणूक होऊन वलंदेजांच्या, म्हणजे डच लोकांच्या, मुलुखी, आइंडहोवन शहरी, कबिला किर्तीबाई यांसह मुक्काम करून राहिले होते.

तेथील कोरड्या थंडीत चिरंजिवांच्या अंगावर गनीम उतरला. प्रथम कोपराच्या लवणीत ठाणे घातले, मग मानेस वेढा दिला, मग दोन्ही हात काबीज केले. लाल चट्टे, आणि खाज ऐसी की कचेरीच्या मसलतीत बसले असता बाहीत पट्टी घालून खाजवू लागले. मलमांची कुमक चाले तोवर गनीम हटे, आणि मलम सरताच पुन्हा चालून येई. मग तेथील डॉक्टरीणबाई, बोलण्यास मवाळ आणि हुकमास करड्या, यांनी हा इसब आहे ऐसे सांगोन फर्मान काढिले की, गहू बंद, दूध बंद, अंडी बंद, दाणे बंद, तीळ बंद, मासळी बंद, आणि वांगे-टमाटे यांसही मनाई. अंग निवळले म्हणजे एकेक जिन्नस परत घ्यावा, आणि ज्याने चट्टा उठेल तो फितूर जाणावा. दरम्यान मना केलेल्याचा कण जरी पोटी गेला तरी सारे केले पाण्यात, आणि मग जालीम गोळ्यांवाचून इलाज नाही.

फर्मान आइंडहोवनास निघाले, परंतु घाव हेंद्रेपाड्यास बसला. चिरंजीव परदेशी गेल्यापासून बनूबाईसाहेबांची रसद कधी खंडली नव्हती. वलंदेजांकडे जो कोणी निघे, ओळखीचा असो की ओळखीच्याचा ओळखीचा, त्याच्या बॅगेत मेथीचे लाडू, दाण्याची चटणी, तिळकूट आणि प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली सुकट, ऐसा नजराणा चढविल्याखेरीज त्यास विमानाची वाट मोकळी नसे. आता एकेक जिन्नस बाद जाहला. उरले एक तांदळाचे पीठ. त्याची भाकरी चालेल ऐसे डॉक्टरीणबाईंनी कबूल केले, तेव्हा बनूबाईसाहेब म्हणाल्या, "चला, एवढं तरी ठेवलं बाईनं." तेथपासोन ते पीठ हेच त्यांचे राज्य जाहले. तेही गेले तर मुलास पाठवावे ऐसे आईच्या पदरी काही उरत नव्हते.

पीठ गेले, भाकऱ्या जाहल्या, आणि चट्टे हटेनात. मग ऐसे जाहले की जितेशराव कामानिमित्त परगावी गेले आणि तेथे भात आणि उकडल्या बटाट्यांवर दिवस काढून निवळ अंगाने परतले. घरी भाकरी खाल्ली आणि दुसरे दिवशी मानेवर गनीम हजर. किर्तीबाईंनी हे हेरिले. चिरंजिवांची ताकीद होती की मातुश्रींस कळो देऊ नये. किर्तीबाईंनी ताकीद मोडिली आणि व्हिडिओ कॉल लाविला.

"आई, रागावू नका, पण बहुतेक पिठातूनच काहीतरी जातंय."

"पिठातून? माझ्या?" बनूबाईसाहेबांनी फोन चेहऱ्याजवळ इतका आणिला की पलीकडे नुसते नाक दिसो लागले. "तांदूळ आपल्या खाचरातला. निवडला मी, धुतला मी, वाळवला मी. त्यात जाणार काय?"

दौलतराव बाजूस बसले होते. त्यांनी तहाची बोलणी काढिली. "अगं, तिकडं काय दुकानं नाहीत का? खाऊ दे की त्याला तिकडचं."

"तुम्हाला कुणी विचारलं?" ऐसा सवाल आला, आणि दौलतरावांनी माघार घेऊन गॅलरीत तळ दिला. काही लोक म्हणतात की ते शरमून गेले. ते खरे नव्हे, चहा घेऊन गेले.

मग बनूबाईसाहेबांची खासा स्वारी राजूच्या गिरणीवर गेली. त्या फौजदारी तपासास उतरल्या, आणि तपास फिरोन त्यांच्याच उंबऱ्याशी आला. तो ऐसा की, गिरणीचा दस्तूर आहे, ज्याचे त्याचे दळण पुढच्याच्या चार मुठी पोटात घेऊन येते आणि आपल्या चार मुठी जात्यात ठेवून जाते. म्हणोन बायका नंबर लावण्यापूर्वी पुसतात की आधी काय दळले. तांदूळ बाजरीमागे घातला तर काळा पडतो, बेसनामागे घातला तर वास मारतो. गहू निघून गेला की जाते साफ, पीठ पांढरे. बनूबाईसाहेब या बाबतीत इतक्या काटेकोर की चिरंजिवांच्या पिठासाठी तीन नंबर सोडून देत, आणि गव्हाचा डबा पुढे लागला म्हणजेच आपला लावीत.

राजू म्हणाला, "काकी, तुम्हीच तर बोलायच्या, गव्हामागे घाल म्हणून."

बनूबाईसाहेब उभ्या होत्या त्या बाकावर बसल्या. ज्यास त्यांनी तटबंदी मानिले तोच चोरदरवाजा निघाला, आणि तो त्यांनी स्वहस्ते उघडिला होता. मग पुसले, "धुऊन देशील का मशीन?"

"मशीन धुवू? काकी, दिवसभर बंद ठेवली तर लोक मलाच दळतील ना."

तेव्हा ही वाट बंद जाहली. परंतु अंबरनाथी, शिवमंदिराकडे, इंदुबाई म्हणोन चक्कीवाली आहे. तिच्या दुकानी दोन चक्क्या. एक रोजची, आणि एक उपवासाची, जीत राजगिरा, शिंगाडा आणि वरई यांवाचून दाणा पडत नाही. गव्हाने त्या चक्कीचे तोंड पाहिले नाही. बनूबाईसाहेबांनी जुना डबा बाद केला, नवे सूप आणिले, नवी चाळण आणिली, तांदूळ पुन्हा धुवोन धुतल्या चादरीवर वाळविला, आणि कोऱ्या पिशवीत भरोन दौलतरावांच्या खांद्यावर दिला. मग उभयतांची स्वारी अंबरनाथी दाखल जाहली.

इंदुबाईने पिशवीत हात घातला आणि काढोन घेतला. "तांदूळ आहे हा."

"हो."

"उपवासाच्या चक्कीत तांदूळ? मावशी, तांदूळ उपवासाला चालतो का? सोमवारी सगळा गाव इथून पीठ नेतो. माझी चक्की बाटवता काय?"

"माझ्या पोराचा उपवासच आहे."

"कसला?"

"गव्हाचा, दुधाचा, सगळ्याचाच," बनूबाईसाहेब म्हणाल्या. "तिकडं परदेशात अंग खाजवून खाजवून रक्त काढतोय तो. तुमच्या सोमवारपेक्षा कडक आहे."

इंदुबाई हळहळली, पाणी दिले, आणि दरवाजा काही उघडिला नाही. तिचेही खोटे नव्हते. लोकांच्या व्रताचा भरवसा हीच तिची दौलत, आणि ती परक्याच्या लेकासाठी का उधळावी. दौलतराव म्हणाले, चला, परत जाऊ. बनूबाईसाहेब म्हणाल्या, पाणी तर पिऊ दे. आणि बाकावर मोर्चा धरोन बसल्या, आणि चक्कीकडे पाहो लागल्या.

वरईचे दळण चालले होते. बनूबाईसाहेबांनी पडत्या पिठाची चिमूट घेतली, बोटांत चोळिली. "जाडं येतंय."

"दगड गुळगुळीत झालाय," इंदुबाई म्हणाली. "उद्या टाकीवाला येतोय. दगडाला टाकी लावून धुऊन घेणार."

येथे मोहिमेचे पारडे फिरले. टाकी लावणे म्हणजे छिन्नीने दगडाचे वरचे अंग उडवोन नवे काढणे. बनूबाईसाहेबांनी पेला खाली ठेविला.

"म्हणजे टाकी लावली की दगडावरचं आधीचं काहीच राहत नाही."

"नाही राहत."

"मग चक्की नवी झाली. सोवळी झाली."

"झाली."

"मग टाकीच्या आधीचं शेवटचं दळण कुणाचं आहे, याच्याशी महादेवाला काय करायचंय?"

इंदुबाईने वरईचे दळण थांबविले. मग दौलतरावांस पुसले, "काका, घरी पण असंच असतं काय?"

"घरी पाणीपण मिळत नाही," दौलतराव म्हणाले.

तह ठरला तो ऐसा. सांजवेळी उपवासाचे शेवटचे गिऱ्हाईक निघोन गेल्यावर तांदूळ जात्यात पडावा. पहिल्या मुठी बाजूस काढोन पारव्यांस घालाव्या. दुसरे दिवशी टाकी लागावी आणि इंदुबाईने सोमवारास निर्धास्त सामोरे जावे. पुढेही जेव्हा जेव्हा टाकीवाला येईल, तेव्हा तेव्हा आदल्या सांजेस हेंद्रेपाड्यास फोन करावा. तहाप्रमाणे सर्व जाहले. पीठ मऊ न पडता जाडेभरडे पडले. बनूबाईसाहेबांनी आयुष्यात प्रथमच ऐसे पीठ नावाजून घेतले.

मग शहाडचे समीर, जे वलंदेजांकडेच चाकरीस, त्यांच्या बॅगेत पीठ चढले आणि विमानमार्गे रवाना जाहले. आइंडहोवनी भाकऱ्या जाहल्या. भाकरी थापता तुटे, जाड पीठ असल्याने, परंतु गनीम हटला. प्रथम मान सुटली, मग हात सुटले, शेवटी कोपराच्या लवणीतील जुने ठाणेही उठले. मग डॉक्टरीणबाईंच्या हुकमाने एकेक जिन्नस दरबारी परत आला. दूध आले, निर्दोष सुटले. दाणे आले, सुटले. तीळ, अंडी, मासळी, वांगे, टमाटे, सर्वांस माफी मिळाली. गहू आला, आणि दुसरे दिवशी मानेवर चट्टा उठला. तेव्हा गव्हास हद्दपार करावे ऐसा अखेरचा फैसला जाहला.

ही खबर हेंद्रेपाड्यास आली तेव्हा बनूबाईसाहेबांनी सुकट निवडावयास घेतली आणि सांगितले की, "बघा, तिकडचा पाव त्याला चालतच नाही. पीठ आता इकडूनच गेलं पाहिजे."

मोहीम येणेप्रमाणे फत्ते जाहली, हे येथे रीतसर दाखल केले आहे. आणखी एक बाब शाबीत आहे, ती न लिहिणे सचोटीस धरोन नाही. वलंदेजांच्या त्या शहरी, चिरंजिवांच्या घराखालच्याच दुकानात, गव्हाचा स्पर्श नसलेले तांदळाचे पीठ पुडक्यात मिळते, आणि पुडक्यावर तशी खात्री छापिलेली असते. जितेशरावांस हे फर्मान निघाल्या दिवसापासून ठाऊक होते. किर्तीबाईंनी एकदा पुडके आणिले, ते त्यांनी न फोडता परत करविले आणि सांगितले की आईचे पीठ येते, तेच खाऊ. मग खाजवीत राहिले.

किर्तीबाईंनी हे पुढे दौलतरावांस फोनवर सांगितले. दौलतराव म्हणाले, "हे तिला सांगायचं नाही."

सबब या बखरीची नक्कल हेंद्रेपाड्यास पाठवू नये.